काकाचा फंड

मीरासाहेब सर आम्हाला गणित शिकवायचे. शनिवारची शाळा सकाळची. त्यातला शेवटचा तास त्यांनी हेडमास्तरांशी भांडून मागून घेतला होता आणि आम्हाला वहीवर त्याचं नाव लिहायला लावलं होतं, 'घरचं गणित'. हे परीक्षेला नाही, असं हेडमास्तर म्हणाले होते. सर म्हणाले, परीक्षेला नाही म्हणूनच शिकवतो. हे सगळं आम्हाला शाळेच्या शिपायाकडून कळलं, आणि तेव्हापासून सर आम्हाला जास्तच आवडायला लागले.

मी नववीत होते. साल २००४. शिरूरपासून आत, घोड नदीच्या काठचं आमचं गाव, पण आदल्या पावसाळ्यात नदीच आटली होती. ज्याच्या विहिरीत हंडाभर पाणी होतं त्यानेच कांदा लावला होता, बाकीची रानं उघडी पडली होती. गावातली निम्मी घरं रांजणगावच्या कंपन्यांवर चालायची. सकाळी साडेपाचला न्हावरा फाट्याकडे माणसांची रांग लागायची, हातात डबा, गळ्यात गेटपास.

त्या शेवटच्या तासाला सर बँकेची स्लिप भरायला शिकवत. संचयिकेत आम्ही शनिवारी रुपया रुपया टाकायचो, त्यावर व्याज कसं चढतं ते फळ्यावर दाखवत. जामीन राहायचं म्हणजे काय, हे त्यांनी असं समजावलं होतं की वर्गातल्या दोन पोरांनी घरी जाऊन बापाशी भांडण काढलं. आणि दर तासाला फळ्याच्या कोपऱ्यात एक ओळ लिहायचेच: न वाचता सही नाही.

फेब्रुवारीत त्यांनी गृहपाठ दिला. घरातल्या एका अडाणी माणसाला सही शिकवायची आणि फळ्यावरची ओळ त्याच्याकडून पाठ करून घ्यायची.

"आणि सर, त्याला वाचताच येत नसलं तर?" सुहानाने विचारलं. ती माझ्या बाकावर बसायची.

"मग वाचून घ्यायचं. पण वाचणारं माणूस आपलं पाहिजे."

मी आजीला धरलं. माझी आजी पार्वतीबाई, वडिलांची आई. तरुणपणी ती इनामगावला पांढरीच्या टेकाडावर खोदकामाला जायची. पुण्याचे साहेब तिथे जुनं गाव उकरत होते. आजी पाटीने माती वाहायची आणि साहेब बारीक ब्रशाने हाडं झाडायचे. "तीन हजार वर्सांपूर्वीची मडी व्हती," ती सांगायची. "एकेका मड्याला नंबर द्याचे, कागदावर चित्र काढायचे. पोर हाय का बाई हाय, समदं लिव्हायचे. आमच्या हजेरीपेक्षा त्या मड्यांची हजेरी नीट व्हायची." तिची ही गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकली होती की मध्येच आम्ही तिचं वाक्य पुरं करायचो.

तिला सही शिकवणं म्हणजे रेड्याकडून वेद वदवण्यासारखंच होतं. हात खुरप्याला सरावलेला, त्यात पेन्सिल उभी राहीना. 'पा' आला, 'र्व' येईना. "ह्या वकाराच्या डोस्क्यावर ही कोयती कशाला?" ती विचारायची. महिना लागला. पण मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिने माझ्या पाटीवर पाच अक्षरं काढली, वाकडी पण सलग. पाटी तिने पुसू दिली नाही. तेव्हापासून मी कागदावरच अभ्यास केला.

"आन् आता ते दुसरं म्हन," मी म्हणाले.

"न वाचता सही न्हाई. आन् वाचनारं आपलं पायजेल." तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "माझं वाचनारं तू."

वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. त्यांचं नाव म्हाळू. कंपनीत ते आठ वर्षं प्रेसवर होते, कंत्राटदाराकडून. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं वरचं पेर त्या प्रेसने खाल्लं होतं. घराला लागून एक खोली बांधायला काढली होती, सिमेंटच्या ठोकळ्यांची. दाराच्या उंचीपर्यंत भिंती आल्या आणि काम तीन वर्षं तिथेच थांबलं. भिंतीवर कोंबड्या बसायच्या. आता मार्चअखेर जुना कंत्राटदार जाणार होता आणि सगळ्यांचा पगारातून कापलेला फंड मोकळा होणार होता. आप्पांचे बेचाळीस हजार निघत होते. पत्रे, दार, फरशी, आणि उरलेले मला अकरावीला शिरूरला ठेवायला, असं आईने बोटांवर मोजून ठेवलं होतं. दहावीनंतर मी शिकणार की आईबरोबर कांदा काटणार, ते त्या बेचाळीस हजारांवर होतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पण मला ठाऊक होतं.

सरांनी सांगितलं, "पुढच्या शनिवारी, ज्यांच्या घरचं कोणी कंपनीत आहे त्यांनी पगाराची चिठ्ठी आणायची. फंड कापला म्हणजे पैसा गेला असं लोक समजतात. तो गेलेला नसतो, साठलेला असतो. हे घरी सांगा."

मी आप्पांकडे चिठ्ठी मागितली. ते म्हणाले, "हरावली." परत मागितली तर म्हणाले, "तुला काय करायचंय बाप किती कमावतो ते?" आप्पा असं कधी बोलत नसत. मला वाटलं, पगार कमी म्हणून लाजतात. शनिवारी ते रात्रपाळीहून येऊन मोरीत अंघोळीला बसले, तेव्हा मी पेटी उघडली, तळाशी हात घातला, चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यातली एक ओढली आणि दप्तरात टाकून पळाले. फळ्याच्या कोपऱ्यातली ओळ वर्षभर पाठ करणारी मी, चिठ्ठी न वाचता घेऊन गेले.

वर्गात आधी सुहानाने वाचली. नाव, भरलेले दिवस, हजेरी, कापलेला फंड. मग सर म्हणाले, "दीक्षा, तू."

मी उभी राहिले. घडी उघडली. "नाव," मी म्हणाले आणि थांबले.

चिठ्ठीवर माझ्या काकाचं नाव होतं. संघर्ष. आमचंच आडनाव, आमचंच गाव. माझा काका मी चार वर्षांची असताना कावीळ होऊन गेला होता. घरात बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी त्याचा फोटो होता, दहावी पास झाला तेव्हा शिरूरच्या स्टुडिओत काढलेला. त्याला दर पौर्णिमेला मी हार घालायचे. आणि त्या माणसाने फेब्रुवारी २००४ मध्ये सव्वीस दिवस भरले होते. मागून कुणीतरी हसलं.

सर बाकापाशी आले. चिठ्ठी बघितली, माझ्याकडे बघितलं. मग ती घडी घालून माझ्या कंपासपेटीत ठेवली आणि वर्गाला म्हणाले, "पुसट छापलीय. बस खाली."

शाळा सुटल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं.

"संघर्ष कोण तुझे?"

"काका."

"कंपनीत आहेत?"

"वारले सर. चौऱ्याण्णव साली."

सरांनी डस्टर उचललं. फळा पुसलेलाच होता, तो त्यांनी परत पुसला.

मी घरी गेलेच नाही. आई रतनबाईच्या टोळीत कांदा काटायला होती, तिथे थेट रानात गेले. रतनबाई मुकादमीण, तिने मला बघून आईला हाक मारली. आई विळ्याने कांद्याची पात छाटत होती. मी चिठ्ठी तिच्यापुढे धरली. तिला वाचता येत होतं, चौथीपर्यंतचं. तिने वाचली नाही.

"कुनाला दावलीस?"

"सरांनी बगितली."

"झालं." तिने विळा मातीत खोचला. "भावजींचा दाखला व्हता, दहावी पास. ह्यांची सातवी. कंपनीला दहावी पास पायजे व्हता. भावजी गेलं त्याची नोंद कुनी ग्रामपंचायतीत केलीच न्हवती. कोन करतंय? मानूस गेलं का समद्यास्नी कळतंच की. तवा कागदावर ते जित्तंच व्हतं. ह्यांनी तेवढा दाखला उचलला आन् गेलं."

"आन् आजी?"

"आत्याबाईला ठावं न्हाई." तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "आन् तूबी सांगायचं न्हाई."

आठ वर्षं. बसमध्ये चढले की आप्पा संघर्ष होत होते आणि फाट्यावर उतरले की म्हाळू. मला एकदम आठवलं, शिरूरच्या बाजारात एका माणसाने मागून 'ए संघर्ष' अशी हाक मारली होती आणि आप्पांनी वळून बघितलं होतं. मी विचारलं तर म्हणाले होते, "भावाचं नाव ऐकलं का वळतो मानूस." त्या दिवशी मला त्यांची किती दया आली होती. बोट तुटलं तेही आप्पांचं, पण कंपनीच्या वहीत ते काकाचं होतं. मला राग आला, किळस आली, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली, कारण माझ्या अंगावरचा गणवेश त्याच पगाराचा होता.

संध्याकाळी आप्पांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. अर्धवट भिंतीपाशी उकिडवे बसून ते म्हणाले, "मी चोरी केली न्हाई, दीक्षा. काम मीच केलं. हात माझंच व्हतं."

त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, कंत्राटदाराचा कारकून मोटरसायकलवरून आला. पांढरी पँट, काखेत फायली. आप्पांना घेऊन तो भिंतीच्या आडोशाला बसला. मी चहा घेऊन गेले आणि तिथेच रेंगाळले.

"फंडाच्या हापिसात ह्या बारीला फोटो, मतदानाचं कार्ड, समदं मागतेत," कारकून सांगत होता. "तुझं कार्ड म्हाळूचं. खातं संघर्षचं. फॉर्म भरलास का आतच जाशील. आन् माझ्या मालकाचंबी नाव येईल."

"मग?" आप्पा म्हणाले.

"खात्याला वारस कोन लावलाय?"

"आई."

"मग सोपं हाय की." कारकुनाने बशीत चहा ओतला. "संघर्ष वारला म्हनायचं. आत्ता, मार्चात. मरनाची नोंद कुटंच न्हाई म्हनतोस, मंग दाखल्याचं मी बगतो. पैसं सरळ म्हातारीच्या नावानं. तिची एक सही का अंगठा, बास. पाच हजार माझं."

आप्पा ठोकळ्याचा सुटलेला कोपरा बोटाने खरवडत राहिले.

"आन् कामाचं म्हनशील तर नव्या ठेकेदाराकडं दुसऱ्या नावानं लावतो तुला. आजून कुना दहावी पासाचा दाखला हाय का घरात?"

त्याने हे असं विचारलं, जसं कुणी विचारावं घरात अजून एखादी रिकामी पिशवी आहे का. आप्पांनी मान खाली घातली, आणि ती त्यांनी नाही म्हणून हलवली की नुसतीच घातली, मला कळलं नाही.

सोमवारी मी सरांना गाठलं. सगळं सांगितलं. वाटलं होतं, सर काहीतरी रीत सांगतील. त्यांच्याकडे प्रत्येक गणिताला रीत असायची. ते वडाखाली सायकलला टेकून ऐकत होते. ऐकून झाल्यावर चष्मा काढला.

"पैसा तुझ्या वडिलांचा आहे, यात मला शंका नाही. आणि तो फॉर्म खोटा आहे, यातही नाही," ते म्हणाले. "दोन्ही खरं असलं की काय करायचं, ते मला नाही येत बाळा."

"वकील?"

"वकील म्हणेल, खरं सांगा. खरं सांगितलं तर फसवणूक ठरते. कदाचित सोडतील, कदाचित नाही. मी कुणाच्या बापाच्या जिवावर धडा देऊ?" त्यांनी चष्मा सदऱ्याला पुसला. "मी इतके दिवस तुम्हाला सांगत आलो, फंड म्हणजे साठलेला पैसा. कुणाच्या नावावर साठलाय, हे विचारायचं मला सुचलंच नाही."

सर हरलेले मी प्रथमच पाहिले. ते सायकलवर न बसता ती ढकलतच एसटी थांब्याकडे गेले.

पुढच्या रविवारी कारकून फॉर्म भरून घेऊनच आला. ऊन चढलं होतं. आईने कामाला खाडा केला होता. आजीला ओट्यावर पटकुरावर बसवलं. आप्पा दाराच्या चौकटीला धरून उभे होते, आत नाहीत, बाहेर नाहीत.

"मावशी," कारकून म्हणाला, "कंपनीचं पैसं यायचं हाईत. तुमच्या नावानं. हितं अंगठा द्या."

"अंगठा कशाला?" आजी म्हणाली. "सई येती मला."

तिने पदराला हात पुसले. पेन घेतलं. कारकुनाने बोट ठेवलं तिथे कागद वळवून दिला. मला वाटलं, आता होईल. मला खरं सांगायला हवं, त्या क्षणी मला तेच हवं होतं. पत्रे, दार, फरशी, अकरावी.

आजीने पेन तसंच हवेत धरलं. "दीक्षे, वाच."

कारकुनाने आईकडे बघितलं.

"वाचायचं काय त्यात, आत्याबाई," आई म्हणाली. "पैशाचं हाय."

"न वाचता सई न्हाई. हिनंच शिकवलंय." आजीने कागद माझ्याकडे सरकवला. "आन् वाचनारं आपलं पायजेल."

मी आप्पांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत धाक नव्हता. धाक असता तर मी खोटं वाचलं असतं. तिथे काहीच नव्हतं, नुसता थकवा, पाळी संपवून आल्यासारखा. आणि मी वाचायला लागले.

"मयत सभासदाचे नाव, संघर्ष." मी पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. "मृत्यूचा दिनांक, अकरा मार्च दोन हजार चार. अर्जदार, पार्वतीबाई. मयताशी नाते, आई."

आजी आधी हसली, चूक ऐकल्यासारखी. "अकरा मार्च कुटला? माझा संघर्ष दिवाळीत गेला. धा वर्सं झाली."

मग तिची नजर कागदाला टाचलेल्या गेटपासाच्या झेरॉक्सवर गेली. तिने तो तुकडा बोटाने वर केला, डोळ्यांजवळ नेला. काळा-पांढरा फोटो, कॉलरचा शर्ट, आखूड मिशी.

"ह्यो म्हाळू हाय," ती म्हणाली.

कारकून खाकरला. "मावशी, ते नुसतं कागदापुरतं."

"ह्यो माझा म्हाळू हाय." तिने दाराकडे बघितलं. आप्पा चौकट धरून खाली बसत गेले. तिला किती कळलं आणि कसं, ते मला अजून सांगता येणार नाही. पण तिचा चेहरा असा झाला की आईने पदर तोंडात कोंबला. काका गेला तेव्हा आजी रडली असेल, मी लहान होते. त्या दिवशी ती रडली नाही.

"मामा," ती कारकुनाला म्हणाली. तो तिच्या मुलाच्या वयाचा होता. "इनामगावच्या टेकाडात पाटी वायली मी. तीन हजार वर्सांचं मडं, त्याचं बी खोटं लिव्हलं न्हाई त्या सायबांनी. आन् तू माझ्या जित्या पोराचं तोंड लावून म्हंतोस, गेला म्हनून लिवून दे?"

"आये, बेचाळीस हजार हाईत," आप्पा खालूनच म्हणाले. "माझ्या घामाचं हाईत."

बेचाळीस हजार म्हणजे काय, हे आजीला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. ती दिवसाला तीस रुपयांवर खुरपायची. तिने त्या बिनछपराच्या भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. हातातलं पेन बघितलं.

"साठ वर्सं अंगठा दिला," ती म्हणाली. "म्हैना न्हाई झाला मला सई येऊन. पयली सई पोराच्या मरनावर करू व्हय?"

तिने पेनाला टोपण लावलं आणि कारकुनाच्या खिशाला अडकवून दिलं. तो फायली गोळा करून निघून गेला. मोटरसायकलचा आवाज ओढ्यापलीकडे गेला. आजीने मला जवळ घेतलं नाही, रागावलीही नाही. उठून तिने पाटी घेतली, त्यावरची पाच अक्षरं पदराने पुसली आणि पाटी माझ्या दप्तरात ठेवली.

दुसरा दाखला घरात नव्हता म्हणून नव्या ठेकेदाराच्या यादीत आप्पांचं नाव लागलं नाही. कुठलंच लागलं नाही. फंड तिथेच राहिला, काकाच्या नावावर.

एप्रिलच्या शेवटच्या सोमवारी आप्पा आईबरोबर कांद्याच्या रानात आले. परीक्षा संपली होती, मीही गेले होते. बायकांच्या टोळीत एकटा बाप्या. रतनबाई वही उघडून हजेरी घ्यायला लागली. "ताईबाई, गिताबाई, रंभा," तिने आईचं नाव घेतलं, आई हो म्हणाली. मग म्हणाली, "म्हाळू."

आप्पा पातीकडे बघत उभे होते.

"म्हाळू," ती परत म्हणाली.

काहीच नाही. बायका वळून बघायला लागल्या. मला वाटलं, लाजेने बोलत नाहीत. मग मला दिसलं की त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, ते वाट बघत होते. आपलं नाव कधी येतंय याची.

आईने त्यांना कोपर लावलं. "आवं, तुमालाच."

त्यांनी दचकून डावा हात वर केला, बोट तुटलेला. "हजर," ते म्हणाले, कंपनीत म्हणतात तसं. बायका हसल्या. रतनबाईने वहीत खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.